पिंटो ड्रायव्हरची काठी

पिंटोचा सोपा चेंडू हुकला, तेव्हा कर्जतच्या रेल्वे क्लबात कोणी हसलं नाही. पावसाळाभर तो दर रविवारी हरत होता. एरवी बिलिअर्डमध्ये त्याच्या नेमाला तोड नव्हती.

तो बाकावर बसला. "हिरामण, माझी नजर गेली रे," तो म्हणाला. "उद्या ऑफिसात सांगून टाकतो. घाटातलं इंजिन आता माझ्या हाती नको."

टेबल आणि खेळायच्या काठ्या हिरामणच्या देखरेखीखाली असत. ओल्या दिवसांत काठ्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या, जवसाचं तेल चोळायचं आणि खाचेत नीट उभ्या करायच्या, हे त्याचं काम. पण आषाढात कडावला, गावी भातलावणीला पळायच्या घाईत त्यानं पिंटोची काठी ओल्या भिंतीला तिरकी टेकवून ठेवली. परत आला तर तिला बाक आलेला, दिसेल न दिसेल एवढा. नोकरी जाईल या धास्तीनं त्यानं ती गुपचूप खाचेत ठेवली, आणि तेव्हापासून दर रविवारी पिंटोपुढे काठीच्या टोकाला चोळायचा खडू धरताना तो मान वर करत नव्हता.

"नजर नाय गेली साहेब," तो कसाबसा म्हणाला. "काठी वाकली हाय. माझ्या हातनं झालं."

पिंटोनं काठी टेबलावर आडवी ठेवून घरंगळत लोटली. हिरव्या बनातीवर ती लंगडत गेली. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पिंटो रागावला नाही, उलट पोरासारखा हसला. शरमेनं हिरामणचे कान तापले होते, तरी जीव हलका झाला.

पिंटोनं दुसरी काठी घेतली. चेंडू कोपऱ्यातल्या जाळीच्या अगदी तोंडाशी लावला. हुकला. पुन्हा लावला. पुन्हा हुकला.

जो तो दुसरीकडे बघू लागला. हिरामणला ते सोसवेना.

"ही बी वाकडी हाय साहेब," तो घाईघाईनं म्हणाला. "समद्याच ओलीनं गेल्यात."

पिंटोनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तीही काठी आडवी ठेवून हलकेच लोटली. ती आवाज न करता, सरळ, पलीकडच्या कडेला जाऊन टेकली.

"ही चांगली राखलीस, हिरामण," पिंटो म्हणाला.