निळी पट्टी

"नाही दिसत," ती म्हणाली.

"नीट बघ. चष्मा लावलायस ना?"

"लावलाय. जुन्या डिस्कचं चित्र दिसतंय. नवीचं नाही."

सर आरामखुर्चीत डोळ्यावर पट्टी बांधून बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याने आधीपासूनच फारसं दिसत नव्हतं. त्यामुळे तोंड सरांचं आणि हात बायकोचे, असं सकाळपासून चाललं होतं.

जुनी हार्ड डिस्क हल्ली मधूनच कटकट आवाज करायची. ती बंद पडायच्या आत तिच्यातलं सगळं नवीत उतरवायचं होतं. उद्या एक माणूस नवी डिस्क न्यायला येणार होता. कोण, कशाला, हे सरांनी सांगितलं नव्हतं आणि विचारायची तिची सवय केव्हाच मोडली होती.

"वायर बदल."

तिने बदलली.

"आता मागच्या बाजूला लावून बघ."

तिने लावली. डिस्कवरचा दिवा लागला, आतून घरघर ऐकू आली, पण पडद्यावर काही उमटलं नाही. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तरी तेच.

"तुझा हातगुणच तसला," सर म्हणाले. "साधी वायर जोडायला सांगितली तर ही तऱ्हा."

सरांची इतिहासाची सगळी पुस्तकं तिनेच टाइप केली होती. प्रस्तावनेत ग्रंथालयाच्या शिपायाचेसुद्धा आभार होते. तिचे नव्हते. एकदा तिने हसत हसत विषय काढला, तेव्हा सर म्हणाले होते, "घरच्यांचे आभार कसले मानायचे?" गावात तिला सरांची बायको म्हणूनच ओळखत.

एके काळी तसं नव्हतं. ती रेडिओवर मुलांना गोष्टी सांगायची. दुकानात नुसतं "साखर द्या" म्हटलं तरी माणसं वळून बघायची. मग मुलगा झाला. "स्वतःचं पोर शेजारी ठेवून जगाच्या पोरांना गोष्टी कसल्या सांगतेस?" सर म्हणाले आणि तिने रेडिओ सोडला. पुढे एकदा तिने गुपचूप चौकशी केली. तिच्या टेपा पुसून त्यांच्यावर दुसरे कार्यक्रम भरले गेले होते. त्यानंतर ती घरातही कमीच बोलायला लागली.

"अगं, माझ्याच डोक्यात आलं नाही," सर एकदम म्हणाले. "कोरी डिस्क अशी आपणहून दिसत नाही. आधी ती फॉरमॅट करावी लागते. डिस्कांची यादी उघड, मागे एकदा दाखवली होती बघ."

तिने यादी उघडली. "वरच्या डिस्कवर निळी पट्टी आहे. खालच्या डिस्कवर काळी."

"काळी ती नवी. निळीला हात लावू नकोस. अख्खं आयुष्य आहे तिच्यात."

कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. काळ्या पट्टीवर नेलेला बाण तिने तिथेच थांबवला. मग सावकाश वर, निळ्या पट्टीवर सरकवला.

"फॉरमॅट दिसलं का?"

"दिसलं."

"झटपटची खूण काढून टाक. वेळ लागला तरी चालेल, कानाकोपरा तपासून होऊ दे."

"सगळं पुसलं जाईल म्हणतंय. चालेल का?"

"कोऱ्या डिस्कमधून काय पुसणार, हवा? हो म्हण."

"नक्की ना?"

"जन्मभर प्रत्येक गोष्ट मलाच विचारत आलीस. हो म्हण!"

तिने हो म्हटलं.

दुपारभर पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलांनी चढत राहिला. सर खुर्चीतच डुलकी घेऊ लागले. तिने कपडे घडी केले, चहा केला. अंगावरचं ओझं कुणी उतरवून ठेवावं तसं तिला वाटत होतं. मध्येच ती थांबवायला उठलीही. पण तेवढ्यात सर झोपेतच खेकसले, "चहा कुठाय?" ती पुन्हा बसली.

दिवेलागणीला आकडा पूर्ण झाला.

"झालं," ती म्हणाली.

"मग आता जुनीतलं सगळं नवीत टाक. आणि टाकून झालं की ऐक."

"ऐकू?"

सरांनी तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"उद्या रेडिओवाले येताहेत. तुझ्या गोष्टी पुन्हा लावायच्या म्हणताहेत. त्यांच्या टेपा गेल्या, पण लोकांनी घरोघरी कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. कुणाकुणाला विचारून एकेक मागवली मी. दार लावून बसायचो ना, तुला वाटायचं पुस्तक लिहितोय. तुझा आवाज मीच बंद केला, कळतं मला. तोंडाने कधी बोलून दाखवता आलं नाही एवढंच."

ती उभीच होती.

"त्या कॅसेट कुठायत?" तिने विचारलं.

"बुरशीने खाल्लेल्या होत्या सगळ्या. कशाबशा उतरवून घेतल्या आणि टाकून दिल्या. आता काय ते जुन्या डिस्कमध्येच." सर पहिल्यांदाच हसले. "लाव ना एखादी गोष्ट."