परतीचं भांडं

मागच्या दारावर टकटक झाली आणि आर्डिसने हातातला कप आवाज न करता टेबलावर ठेवला. मागच्या दाराने या घरात येणारी बाई एकच होती.

"उघडू नकोस," मर्ल हळूच म्हणाला. तो बायकोच्या मागे उभा राहून तिचे केस विंचरत होता. आर्डिसचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत अडकलेला, आणि नवऱ्याच्या हातचा भांग रोज नव्या दिशेला पळत असे. "वकीलबाईंनी काय सांगितलंय? हाताची घडी, तोंडावर बोट."

"घडी तरी कुठे होतेय माझ्याच्यानं!"

नाताळाच्या आधी चर्चमध्ये गोधड्या शिवून येताना तिच्या जुन्या मैत्रिणीची, लव्हॉनची गाडी बर्फावरून घसरली आणि खांबावर आदळली. लव्हॉनला खरचटलंही नाही. शेजारी बसलेल्या आर्डिसचा खांदा मात्र कामातून गेला. शस्त्रक्रियेशिवाय हात वर जायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. खर्च लव्हॉनच्या विमा कंपनीने द्यायचा, पण कंपनी सुखासुखी देते होय? दावा लावावा लागला, आणि कायदा असा शहाणा, की दावा कंपनीवर नाही, लव्हॉनच्या नावाने लागतो. तो मिटेपर्यंत तिच्याशी अवाक्षर बोलायचं नाही, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. तिने 'कशी आहेस' विचारलं आणि तुम्ही सवयीने 'बरी आहे' म्हणालात, तर कंपनी तेच शब्द तुमच्यावर उलटवेल. मिनेसोटातल्या त्या गावात तर माणसं मरणाच्या दारातूनही 'बरं आहे' म्हणत.

"आर्डिस, आत आहेस ना गं?" बाहेरून लव्हॉनचा आवाज आला. "कॉफीचा वास येतोय. करपल्याचाही येतोय, म्हणजे मर्लनेच केलेली दिसतेय."

मर्लचा कंगवा थांबला. आर्डिसला हसू फुटणार होतं, ते तिने ओठ दाबून गिळलं.

"बोलू नकोस. तुला नको म्हणून सांगितलं असणार, ठाऊक आहे मला. मलाही सांगितलंय. कंपनीचा माणूस म्हणाला, चुकूनसुद्धा सॉरी म्हणायचं नाही. म्हटलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. म्हणून मी ते म्हणत नाहीये. कळलं ना, आर्डिस? मी ते म्हणत नाहीये."

आर्डिस उठून दारापाशी गेली. पडद्याच्या फटीतून तिला लव्हॉनची लोकरी टोपी दिसली, आणि टॉवेलात गुंडाळलेलं काचेचं भांडं. गल्लीत गाडी नव्हती. एवढं जड भांडं छातीशी धरून बाई निसरड्या बर्फावरून चालत आली होती. अपघातानंतर तिने गाडीला हात लावला नाही, असं कुणीतरी सांगत होतं, ते खरंच असावं.

"खिम्याची हॉटडिश केलीय. वरचा बटाटा तुला आवडतो तसा कडक भाजलाय. पायरीवर ठेवते."

आर्डिसचा डावा हात दाराच्या मुठीवर गेला.

"तिच्या खिशातून काही जाणार नाहीये," मर्ल मागून कुजबुजला. "पैसे कंपनीचे आहेत."

"दाव्यावर नाव तिचं आहे."

"आणि खांदा तुझा आहे."

आर्डिसने मुठीवरचा हात काढून घेतला. स्वतःच्याच स्वयंपाकघरात चोरासारखं उभं राहावं लागावं, याची तिला इतकी लाज वाटली की कान तापले. बाहेर लव्हॉन अजून उभीच होती. मग बर्फावर पावलं करकरली, आणि दूर गेली.

मर्लने भांडं आत आणून टेबलावर ठेवलं. बायकोचं तोंड पाहून त्यालाही वाईट वाटलं असावं.

"मिटू दे गं केस एकदा," तो म्हणाला. "मग भांडं परत करायला तूच जा. छान केक करून ने त्यातून, आणि बसा दोघी दिवसभर बडबडत. मी जेवायलाही मागणार नाही."

आर्डिसला ते पटलं. भांडं तर परत करावंच लागतं, त्याला कुठल्या वकिलाची ना असणार? चाळीस वर्षांत या दोन घरांमध्ये रिकामं भांडं कधी गेलं नव्हतं. चर्चच्या जेवणाला सगळ्यांची भांडी एकसारखीच, म्हणून प्रत्येक बाई बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव लिही. नाव असलं की भांडं घरी परत येतं. कुणाचं माणूस गेलं, तर त्या घरी तेवढं बिनपट्टीचं भांडं पाठवायचं. ठेवून घ्या, परत करायला येऊ नका, असा त्याचा अर्थ.

"केक नको," ती म्हणाली. "तिला ॲपल पाय आवडतो. तू लाटशील, मी सांगेन."

"बघ, आत्तापासून हुकूम सुरू!"

आर्डिसने टॉवेल बाजूला केला. मर्लने चमचा आणायला पाठ फिरवली, तसा तिने डावा तळवा भांड्याखाली सरकवला. लव्हॉनची पट्टी उकळत्या पाण्यानेही निघत नसे, त्यावरून सगळ्या तिला चिडवत. काच अजून कोमट होती. आर्डिसची बोटं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरली. मधोमध पट्टीची जागा घासून घासून गुळगुळीत केलेली होती. कडेला थोडासा चिकटपणा तेवढा बोटाला लागला.

"काय झालं?" मर्लने विचारलं. "दुखतंय का?"

"नाही," आर्डिस म्हणाली. "बरी आहे मी."