निळ्या फुलांची न्हाणी

न्हाणीतला तांब्या वाजायचा थांबला, त्याला पाव तास होऊन गेला होता. दार आतून बंद. बाहेर पिराजी इंगवले, नगरपालिकेतला कारकून, हातात टॉवेल घेऊन उभा. उभा कसला, येरझाऱ्या घालत होता. दोन पावलं न्हाणीकडं, चार पावलं उंबऱ्याकडं. उंबऱ्याबाहेर हेर्लेकर मास्तरांच्या चपला होत्या. त्या त्यानं तिसऱ्यांदा सरळ केल्या. तशा त्या सरळच होत्या.

मास्तर सहा वर्षांनी कोल्हापुरात आले होते. पिराजीला मॅट्रिकपर्यंत कान धरून नेणारे ते हेच. शिकायला तो रोज त्यांच्या घरी जायचा आणि मास्तरांची आई त्याला निळ्या फुलांच्या कपबशीतून चहा द्यायची. घरातली माणसं प्यायची त्याच कपातून. मराठ्याच्या पोराला ब्राह्मणाच्या घरात वेगळा कप नाही, याचं त्या काळी साऱ्या पेठेला नवल होतं.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. गांधीजींचा खून झाला, मारणारा ब्राह्मण निघाला, आणि घोळके ब्राह्मणांची घरं शोधत फिरू लागले. मास्तरांचं घर भरदुपारी पेटलं. पिराजीनं काडी लावली नव्हती. त्यानं आपलं दार तेवढं लावून घेतलं होतं. मास्तर म्हाताऱ्या आईला धरून त्याच दाराशी आले. तीन थापा मारल्या. नावानं हाक मारली. पिराजी आतून कडी धरून उभा राहिला, श्वास कोंडून. शेवटी पलीकडच्या बायडाबाई तेलिणीनं दोघांना गोठ्यात घेतलं. आठवड्याच्या आत मास्तर पुण्याला गेले. आई तिथंच वारली.

पिराजीनं पुण्याला पत्र धाडलं, की मी तेव्हा गारगोटीला सासुरवाडीत होतो. इथं असतो तर असं होऊच दिलं नसतं. एवढं लिहायची काही गरज नव्हती. पण खोटं बोलणाऱ्याला थोडक्यात भागवता येत नाही. मग दर वर्षी तो त्यांना बोलावत राहिला. यंदा पोस्टकार्ड आलं: येतो, एक दिवस.

आली का पंचाईत! मास्तर म्हणजे आंघोळीशिवाय पाण्याचा घोट न घेणारा माणूस. आणि पिराजीची न्हाणी म्हणजे एक दगड अन् आडोशाला पोतं. पगार बेताचा. त्यानं कुणाच्या तरी बांधकामावरच्या उरलेल्या शहाबादी फरश्या मागून आणल्या. खोक्याच्या फळ्या ठोकून दार केलं. चुन्यात निळीची चिमूट घालून भिंती पांढऱ्याफेक केल्या. शेजारच्या शालूबाईंचं तांब्याचं घंगाळ चिंचेनं लख्ख करून ठेवलं. आणि शेवटी माळ्यावरचं एक पोतं खाली काढलं.

त्या पोत्यात निळ्या फुलांच्या कपबश्यांचे तुकडे होते. घर जळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, तांबडं फुटायच्या आत, त्यानं ते राखेतून वेचले होते. थोड्याच वेळात नगरपालिकेच्या गाड्यांनी सगळा ढिगारा उचलून नेला. गवंडी म्हणाला, तुकडे जमिनीत बसवू, झकास दिसतील. पिराजी त्याच्यावर खेकसला. पायाखाली घालायची वस्तू होती का ती? पाटावर बसून आंघोळ करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल, एवढ्या उंचीवर त्यानं स्वतः आठ दिवस गुडघ्यावर बसून ते तुकडे भिंतीत बसवले. न्हाणी अशी खुलली की आळीतल्या बायका बघायला आल्या. पिराजीची बायको बनाबाई तेवढी एकदा बघून चुलीकडं वळली.

ती आता चुलीपासून उठून आली. भात निवतोय म्हणाली. मग बंद दाराकडं बघत हळूच म्हणाली, "मास्तर इचारतील, ही खापरं कवा गोळा केली म्हणून. तुमी तर गारगोटीला हुता न्हवं?"

हे पिराजीच्या डोक्यातच आलं नव्हतं. मास्तरांना आईची आठवण व्हावी, आपल्या घरात त्यांना परकं वाटू नये, एवढंच त्यानं मनात धरलं होतं. आणि झालं काय, तर आपल्याच हातानं आपल्याविरुद्ध साक्ष भिंतीला चिकटवून ठेवली. मग त्याला उत्तर सुचलं. जुन्या बाजारात मिळाले म्हणायचं. भंगारवाल्याकडं काहीही मिळतं. त्यानं ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं जमत होतं.

तरी आत सामसूम. म्हातारा माणूस, पाय घसरला असला तर? पिराजीनं दारावर थाप मारली. दुसरी मारली. "मास्तर," म्हणून हाक मारली. तिसरी थाप मारली आणि त्याचा हात दारावर तसाच राहिला. दाराबाहेर उभं राहिलं की कसं वाटतं, ते त्याला आज कळलं. त्याला स्वतःची शरम वाटली.

कडी निघाली. मास्तर पंचा नेसून दारात उभे होते. केस ओले, डोळे लाल. आईचीच कपबशी ना, त्यांनी विचारलं, आणि ही तुला मिळाली कुठं?

जुना बाजार पिराजीच्या जिभेवर तयार होता. त्यानं टॉवेल पुढं केला.

"मी गारगोटीला गेलो नव्हतो, मास्तर," तो म्हणाला. "घरातच होतो. आत."

मास्तरांनी टॉवेल घेतला. तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मग उंबऱ्याकडं बघत म्हणाले,

"ठाऊक आहे मला. तुझ्या चपला दारातच होत्या त्या दिवशी."