आणि सहकारी

नाणं पडलं. दोन बोटांच्या बेचक्यातून सुटलं, घरंगळत गेलं आणि थेट मॅनेजरच्या बुटाला जाऊन टेकलं.

हॉटेलच्या रिकाम्या हॉलमध्ये एवढ्याशा नाण्याचा आवाज केवढा तरी झाला. टेबलं पुसणारे दोघे वेटर थांबले. जादूगारांनी आपला थरथरणारा उजवा हात डाव्या हातात धरला आणि पाठीमागे नेला.

"छान," मॅनेजर म्हणाला. "रविवारच्या कार्यक्रमासाठी अजून दोघे-तिघे बघायचे आहेत. एक जण तर मोबाइलवरच जादू करतो. तुम्ही कार्ड ठेवून जा, कळवतो."

कळवतो म्हणजे काय, हे चौतीस वर्षं खेळ केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. जादूगारांनी कार्डासाठी खिशात हात घातला नाही. बायकोकडे बघितलं नाही. बघितलं ते कोपऱ्यातल्या पेटीकडे. सकाळी निघतानाच ते म्हणाले होते, "आज जमलं तर ठीक. नाही तर उद्या पेटी भंगारवाल्याला. तूही सुटशील."

ती पेटीशीच उभी होती. चौतीस वर्षं तिची जागा तीच. पेटीत शिरायचं, अंग मुडपून बसायचं, तलवारी आरपार जाऊ द्यायच्या, नाहीसं व्हायचं, परत यायचं; आणि टाळ्या पडल्या की त्यांच्याकडे हात करून बाजूला सरायचं. जाहिरातीत त्यांचा चेहरा हातभर आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'आणि सहकारी'.

पडलेली वस्तू सहकाऱ्यानं उचलायची, हा धंद्यातला नियम. ती पुढे झाली.

"मावशी, राहू द्या, मी उचलतो."

"छे हो, आमचंच काम ते." ती वाकली आणि अर्ध्यातच अडकली. "अगं आई गं! मेले हे गुडघे!"

टेबलाची कड धरून ती कण्हत-कुंथत उठली. मॅनेजरनं धावत येऊन दंडाला धरलं. वेटर एकमेकांकडे बघून हसले. जादूगारांनी मान खाली घातली. एकाचं हसं झालं ते पुरेसं नव्हतं का?

"साहेब, हे धरा जरा." तिनं नाणं मॅनेजरच्या तळव्यावर दाबलं आणि त्याची बोटं मिटवली. "घट्ट धरा हं. आणि कार्डाचं म्हणाल, तर ते मघाशीच दिलं की तुम्हाला."

"मला? कधी?"

"दिसत नसेल तर चष्मा लावून बघा."

आता वेटर मोठ्यानं हसले. मॅनेजरही म्हातारीचं मन राखावं म्हणून हसला. मोकळ्या हातानं त्यानं टेबलावरचं चष्म्याचं घर ओढलं आणि उघडलं. आत, चष्म्यावर, घडी घातलेलं एक कार्ड होतं. त्यानं घडी उलगडली. कार्डातून नाणं टपकन टेबलावर पडलं. कडेला खाच असलेलं, जादूगारांचं जुनं नाणं. तसं दुसरं जगात नव्हतं. निदान जादूगारांना तरी ठाऊक नव्हतं.

मॅनेजरनं सावकाश मूठ उघडली. रिकामी.

"आयला!" एक वेटर ओरडला.

'कार्ड कधी हातात द्यायचं नसतं. माणसाला ते सापडू द्यायचं. दिलेलं टाकून देतात, सापडलेलं जपून ठेवतात.' हे शिकवणारे जादूगार तोंड उघडं टाकून उभे होते. त्यांची नजर तिच्यावरून एकदाही हटली नव्हती. पण ती नजरही, इतरांच्या नजरांसारखीच, तिच्या गुडघ्यांवर होती.

तिनं पदर खोचला. पुढची वीस मिनिटं त्या हॉलमध्ये कुणी काही पुसलं नाही. स्वयंपाकी झाऱ्यासकट बाहेर आला. काउंटरवरची मुलगी फोन वाजता ठेवून आली. वेटरचं घड्याळ साखरेच्या भांड्यात निघालं आणि मॅनेजरच्या किल्ल्या स्वयंपाक्याच्या टोपीत. इतकी वर्षं खेळाआधी प्रत्येक वस्तू जागेवर ठेवणारे हात तिचेच होते. त्या हातांकडे बघायची वेळ मात्र कुणावर आली नव्हती.

टाळ्या पडल्या. सवयीनं तिचा हात जादूगारांकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. मग तो तिनं स्वतःच्या छातीवर ठेवला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. वाकताना कण्हली नाही.

"मॅडम," मॅनेजर म्हणाला, "रविवारी किती वाजता येता?"

दोघं पेटी ढकलत लिफ्टपाशी आली. जादूगारांनी तिच्या गुडघ्यांकडे बघितलं.

"गुडघे कधीपासून दुखतात गं तुझे?"

"कुणाचे?" ती म्हणाली.

त्यांनी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला. रुमालाबरोबर एक कार्ड बाहेर आलं. कोरं करकरीत. त्यावर तिचा चेहरा होता, कडेपासून कडेपर्यंत, आणि अगदी तळाशी मुंगीएवढी अक्षरं. त्यांनी कार्ड लांब धरून वाचलं, मग जवळ आणून वाचलं.

"हा सहकारी कोण?"

"शोधतेय अजून. पेटीत मावेल असा हवा."

लिफ्ट यायला वेळ होता. जादूगारांनी एकदा पेटीकडे बघितलं. मग तिचं लक्ष नाही असं पाहून हळूच पोट आत ओढून घेतलं.