औंदाची माती

आवा थंड झाला तसा टेकचंद राखेतून एकेक मडकं उपसून कानापाशी धरू लागला. पक्कं भाजलेलं मडकं टिचकी मारली की खणकन बोलतं, तडकलेलं बद्द वाजतं. सानगडीच्या बाजारात गिऱ्हाईक त्याच्या कानाच्या भरवशावर डोळे मिटून मडकं उचलायचं. आज पहिलंच बद्द वाजलं. मग दुसरं, मग सगळीच. तो राखेतच बसला.

"जनम या आगीजवळ गेला, अन् आता तिचाच अंदाज चुकून राहिला. तूच वाजवून पाह्य."

निर्मलाबाईनं एक मडकं वाजवलं. देवळातल्या घंटेसारखं ते खणखणलं. दुसरं वाजवलं, तेही तसंच. नवरा तिच्या तोंडाकडे बघत होता. गेलं वर्षभर ती त्याच्याशी ओरडूनच बोलायची, अन् बायको तापट झाली म्हणून तो गावभर सांगत फिरायचा.

तिनं ती दोन्ही मडकी दगडावर आपटून फोडली, अन् त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "तुमचा काही दोष नाही जी. औंदा मातीच खराब निघाली."