बिनचूक वाक्य

"वही माझ्याशिवाय कुणी बघणार नाही," असं मॅडमनी शपथेवर सांगितलं, म्हणून स्पोकन इंग्लिशच्या वर्गात सुलक्षणानं जर-तरचं वाक्य अगदी मनातलं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य फळ्यावर होतं, खाली तिच्या नावासकट. वर्गातली कुणी मागे पडायला नको म्हणून मॅडमनी मराठीत अर्थही सांगितला, "माझं लग्न हेरंबशी झालं असतं, तर मी सुखात असते." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमना वाटलं, आपल्या शिकवण्याला.

शेजारी बसलेल्या नणंदेनं तेवढ्यात फळ्याचा फोटो काढला.

"वहिनी, दादाला पाठवू? केवढं कौतुक वाटेल त्याला!"

सुलक्षणा फळा पुसायला उठली.

"पाठवा की!" मॅडम खुशीत म्हणाल्या. "आणि सांगा त्यांना, एकही चूक नाही."