मदतीचा नंबर

दैवशालानं नळाचं पाणी भरलं, दोन भाकरी थापल्या आणि रोजच्यासारखा रंगनाथचा फोन चार्जिंगला लावला. आखातात जाताना नवरा तो घरीच ठेवून गेला होता. तिकडं गेल्यावर नवा घेईन म्हणाला होता. त्याचा शेवटचा आवाज तिनं याच फोनवर ऐकला. "ताप उतरंना. भागवतला लावून लावून थकलो. बंदच येतोय." नंतर थेट पेटी आली. तेव्हापासून फोन एकदाही वाजला नव्हता. तरी ती त्याचं रिचार्ज चुकू देत नसे.

भागवत हा ऊसतोडीचा मुकादम. टोळ्या नेता नेता तो माणसं परदेशी पाठवू लागला. रंगनाथला त्यानं पर्यटकाच्या व्हिसावर धाडलं. त्यामुळं ना विमा, ना वकिलातीत नोंद. तो तिथं आहे हे मरेपर्यंत सरकारला ठाऊकच नव्हतं. दैवशाला पुढं शिकली आणि परदेशी निघालेल्या कामगारांच्या सरकारी वर्गात शिकवू लागली.

पेडगावहून एसटीनं ती परभणीला आली. वर्ग भरला होता.

"मुकादमाला आधार कार्ड काढून देता, तसा पासपोर्ट कुणाच्या हाती द्यायचा न्हाई."

"आन् त्यानं हिसकावलाच तर?" सोनपेठच्या सुगत गवंड्यानं विचारलं.

"तर ह्या कार्डावरचा मदतीचा नंबर लावायचा. वकिलातीची माणसं येतात."

"मॅडम, सासऱ्याच्या तावडीतून सोडवायला हाय का असला नंबर?"

वर्ग खदखदून हसला. तीही हसली. कार्डं वाटून तिनं सगळ्यांना निरोप दिला.

दारात भागवत उभा होता. केस रंगवलेले, हातात नवी बॅग.

"वहिनी, मजुरांच्या छावणीवर देखरेखीचं काम लागलंय. परवाचं विमान हाय. वर्ग केल्याचा दाखला पायजे म्हणं. या बारीला समदं कायद्यानं करायलोय."

"या बारीला," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. "मागचं मनात धरू नका. तवा लोक रोज शिव्या द्यायले होते, म्हून सिमच फेकून दिलं मी. मला तरी काय म्हाईत, रंगनाथ आजारी हाय ते?"

तिच्या बोटांत खडू मोडला. हा माणूस समोर आला तर काय करायचं, हे तिनं भाकरी थापताना शेकडो वेळा ठरवलं होतं. प्रत्येक वेळी त्यात आरडाओरड होती, गचांडी होती, रस्त्यावर जमलेली माणसं होती. तिनं खडूचे तुकडे उचलले.

"बसा, भागवतराव."

करारात काय पाहायचं, विमा कसा मागायचा, वकिलातीत तक्रारी कोणत्या दिवशी ऐकतात, आपल्याकडच्या लोकांचं मंडळ कुठं भेटतं, हे सारं तिनं त्याला सांगितलं. रोजच्या वापरातले अरबी शब्दही घोकून घेतले. शेवटी तिनं फळ्यावर नंबर लिहिला.

"कार्डं संपलीत. पाठच करा. तसंही कागद काढून घेतात. डोक्यातलं कुणी काढून घेत न्हाई."

भागवत शाळकरी पोरासारखा म्हणू लागला. चुकला की ती पहिल्यापासून म्हणवून घ्यायची. पण तो जात्याच सावध.

"लावून बघू का?"

"बघा की."

त्यानं फोन कानाला लावला. "रिंग जायलीय. कुणी उचलंना."

"सरकारी काम. गर्दी असती. अडचण आली की लावत राहायचं."

"तुमी लय मोठ्या मनाच्या, वहिनी. दुसरी असती तर दारात उभं केलं नसतं."

दाखल्यावर सही करून तिनं फळा पुसला. तो गेल्यावर कार्डांचा उरलेला गठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि एसटी गाठली.

घरी, चार्जिंगला लावलेल्या रंगनाथच्या फोनवर एक मिस्ड कॉल होता.

भागवतचं विमान होतं त्या दिवशी तिनं नळाचं पाणी भरलं, दोन भाकरी थापल्या, रंगनाथच्या फोनमधलं सिम काढलं आणि चुलीत टाकलं.